पप्पांचं बीपी, कंपनीचं पत्र आणि २०१९ चं डिस्चार्ज कार्ड

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी कराडहून लिहितेय. माझे पप्पा ६७ वर्षांचे, साखर कारखान्यात अकाउंट्सला होते, आता रिटायर. मार्च २०१६ पासून त्यांची आणि आईची एकत्र मेडिक्लेम पॉलिसी आहे, एकही वर्ष चुकवलेलं नाही. आधी ३ लाखांची होती, कोविडच्या धसक्याने मार्च २०२१ ला ५ लाख केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पप्पांच्या छातीत दुखायला लागलं, पुण्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. बिल ४ लाख १२ हजार. कॅशलेस नाकारलं, मग एफडी मोडली, दीड लाख माझ्या दिरांकडून उसने घेतले. नंतर फाइल टाकली तर दोन महिन्यांनी पत्र आलं की पेशंटला १२ वर्षांपासून बीपी आहे, पॉलिसी घेताना सांगितलं नाही, सबब क्लेम नामंजूर. फॉर्म एजंटने भरला होता, पप्पांनी फक्त सही केली. आता पप्पा जेवताना पण बोलत नाहीत, माझ्यामुळे झालं म्हणतात. भाऊ म्हणतो कशाला भरताय पैसे, सरकारी योजना आहे की, पॉलिसी बंद करा. मार्चमध्ये प्रीमियम भरायचाय, काय करू? सगळ्या कागदांचे फोटो पाठवतेय.
— एक लेक, कराड

उत्तर:

ताई, आधी पप्पांना जाऊन सांगा की हा शेवटचा निकाल नाहीये. आलंय ते फक्त कंपनीचं पत्र आहे, आणि तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून करून बघितल्यावर मला तर ते पत्र बरंच घाईत लिहिलेलं वाटतंय.

मी नऊ वर्षं पुण्यात एका टीपीएच्या (म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद तपासणाऱ्या मधल्या संस्थेच्या) ऑफिसात क्लेमच्या फायली बघितल्यात, म्हणजे तुमच्या पलीकडच्या बाजूला बसून, त्यामुळे असं पत्र कसं तयार होतं ते मला चांगलं माहितीये. डिस्चार्ज कार्ड उघडायचं, वर हिस्टरी लिहिलेली असते तिथे बोट ठेवायचं, बीपी किंवा शुगर दिसली की पुढे किती वर्षं लिहिलीत ते बघायचं, ती वर्षं पॉलिसीच्या आधी गेली की एक ठरलेला मजकूर असायचा तो चिकटवायचा, नाव आणि क्लेम नंबर बदलायचा आणि कंपनीकडे पुढे ढकलायचं. दिवसाला चाळीस-चाळीस फायली असायच्या हो, पॉलिसी कधीपासून चालू आहे हे मागच्या पानावर जाऊन बघायला कोणाला वेळ होता. मीपण बघितलेलं नाहीये कितीतरी वेळा, हे कबूल करते.

तर तुम्ही आता ते मागचं पान बघा. मार्च २०१६. नोव्हेंबर २०२५ पर्यंत साडेनऊ वर्षं होऊन गेली, मध्ये खंड नाही. आता नियम काय आहे, तर हेल्थ पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर कंपनीला 'तुम्ही अमुक माहिती दिली नाही' किंवा 'चुकीची दिली' असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. याला मोरेटोरियम म्हणतात, तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हाच शब्द शोधा. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून पाच केली. (आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, हैदराबादला आहे.) तुमच्या केसमध्ये तर जुन्या हिशोबाने आठ वर्षंसुद्धा कधीच उलटलीत, म्हणजे कंपनीने 'तुमची पॉलिसी जुनी, तिला नवीन नियम लागू नाही' असा पवित्रा घेतला तरी सुटका नाही. एजंटने फॉर्मवर 'नाही' वर टिक केली, पप्पांनी न वाचता सही केली, हे चुकलंच, मी त्याचं समर्थन करत नाही, पण त्या चुकीवर बोट ठेवायला कंपनीकडे वर्षानुवर्षं होती आणि दर मार्चला ते प्रीमियम घेऊन गप्प बसले.

आता एक खोच आहे आणि ती तुम्हाला आधीच माहिती असलेली बरी, नाहीतर सुनावणीत तोंडावर पडायला होतं. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल तर वाढवलेल्या रकमेचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. तुमचे ३ लाख २०१६ पासूनचे, ते पक्के. वरचे २ लाख मार्च २०२१ पासूनचे, म्हणजे नोव्हेंबर २०२५ ला ५६ महिने भरतात, चार महिने कमी पडले! बिल ४ लाख १२ हजार, त्यातले ३ लाख मोरेटोरियमच्या छत्रीखाली आणि वरच्या १ लाख १२ हजारांवर कंपनी भांडू शकते. भांडू शकते म्हणजे जिंकेलच असं नाही.

आणि इथेच मला तुमचा सातवा फोटो आवडला, जो तुम्ही बहुतेक चुकून पाठवलाय. २०१९ चं मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. डाव्या कोपऱ्यावर चहाचा डाग पडलाय, आणि त्याच्या जरा खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलंय, हायपरटेन्शन, गोळी चालू. तुम्हीच लिहिलंय खाली की ते ऑपरेशन याच कंपनीच्या पॉलिसीवर कॅशलेस झालेलं. अहो ताई, म्हणजे २०१९ लाच पप्पांच्या बीपीचा कागद कंपनीच्या फाइलीत जाऊन बसलाय! त्यांनी तो क्लेम पास केला, पैसे दिले, त्यानंतर दोन वर्षांनी रक्कम ५ लाख करून दिली, वाढीव प्रीमियम घेतला. आता २०२५ मध्ये 'आम्हाला सांगितलंच नाही' कसं म्हणणार? लपवलेली गोष्ट आपल्याच कपाटात असते का कधी. वरच्या १ लाख १२ हजारांसाठी हा तुमचा मुख्य मुद्दा. जोडीला विचारायचं की २०२१ ला रक्कम वाढवताना तब्येतीचा नवीन फॉर्म भरून घेतला होता का, घेतला असेल तर त्याची प्रत द्या, घेतला नसेल तर आम्ही लपवलं कधी आणि कुठे ते सांगा. २०१६ च्या मूळ प्रपोजल फॉर्मचीही (पॉलिसी घेताना भरतात तो) प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे, एजंटकडे मागू नका, कंपनीकडे लेखी मागा.

आता ते '१२ वर्षांपासून' कुठून आलं. तुम्ही म्हणता भावाने कॅज्युअल्टीत सांगितलं आणि पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे गोळी २०१७-१८ च्या सुमाराला सुरू झाली. होतं असं. रात्री अडीच वाजता पेशंट स्ट्रेचरवर, शिकाऊ डॉक्टर भराभरा विचारतोय बीपी आहे का, कधीपासून, आणि घाबरलेला मुलगा म्हणतो असेल दहा-बारा वर्षं. तो आकडा कार्डवर छापला जातो आणि पुढे तोच पुरावा होतो. तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जुनी नोंदवही किंवा केसपेपर असेल आणि त्यात खरोखर २०१७-१८ ची तारीख असेल तर त्यांच्याकडून तसं सर्टिफिकेट घ्या, ते जोडा. नसेल तर सोडून द्या, वर सांगितलेलं त्याच्याशिवायही उभं राहतं. पण हात जोडून सांगते, हॉस्पिटलात कोणाला तरी पकडून कार्डवरचा आकडा बदलून आणायच्या भानगडीत पडू नका, आणि फॅमिली डॉक्टरला मागची तारीख टाकायला सांगू नका. मी व्हाइटनर लावलेली कार्डं बघितलीत, १२ चं २ केलेली बघितलीत, १ वर शाईचा ठिपका पाडून. कंपनीचा तपासनीस हॉस्पिटलातून ओरिजिनल काढतो आणि मग ते पाच वर्षांचं कवच एका मिनिटात फुटतं कारण फसवणूक हा एकच अपवाद आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांना दिलेला असतो.

तर पत्र लिहायचं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलवर. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदावर आणि वेबसाइटवर असतो. कॉल सेंटरला फोन करून उपयोग नाही, ते 'तुमची तक्रार नोंदवली आहे मॅम' म्हणतात आणि तुम्हाला वाटतं झालं काम. टीपीएशी पण वाद घालत बसू नका, क्लेम नाकारायचा अधिकार टीपीएला नसतोच, तो कंपनीचा असतो. पत्र एका पानाचं ठेवा. पप्पांनी किती वर्षं प्रामाणिकपणे प्रीमियम भरला, आईची तब्येत, उसने पैसे, हे सगळं खरं आहे पण ते या पत्रात नको. तारखा लिहा, ६० महिन्यांचा नियम लिहा, २०१९ चं कार्ड जोडा, आणि एक प्रश्न नक्की विचारा, की हा क्लेम नाकारायला तुमच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का, असेल तर कुठल्या तारखेची. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारायचा नाही आणि नाकारला तर पॉलिसीच्या कुठल्या अटीवर ते नेमकं सांगायचं. तुमच्या पत्रात नुसतं 'पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार' लिहिलंय, कलमाचा नंबरच नाही. या एका प्रश्नावर कितीतरी फायली परत उघडल्या जातात, कारण तोवर ती फाइल कुठल्यातरी ज्युनिअरच्या सहीवर पडून असते आणि कमिटीचं नाव आलं की वरचे लोक कागद मागवतात.

तीच तक्रार त्याच दिवशी बीमा भरोसा पोर्टलवर पण टाका, आयआरडीएआयचं आहे ते, नाही जमलं तर १५५२५५ ला फोन करून नोंदवता येते. टोकन नंबर लिहून ठेवा.

कंपनीने पुन्हा नाही म्हटलं किंवा ३० दिवस काहीच उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल. तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल. अर्ज ऑनलाइन होतो, फी शून्य, वकील चालतच नाही तिथे, पप्पांनी किंवा घरच्यांनी बोलायचं, सुनावणी व्हिडिओ कॉलवरही होते. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, हे विसरू नका. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो, म्हणजे पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा. आणि निकाल लागल्यावर कंपनीने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढे रोजचे ५ हजार रुपये तुम्हाला द्यायचे, हेही त्या २०२४ च्या सर्क्युलरमध्ये आलंय. फक्त क्रम उलटा करू नका. आधी ग्राहक आयोगात केस टाकली तर लोकपाल तुमची तक्रार घेत नाहीत. तुमचे वकील मामेभाऊ 'डायरेक्ट कंझ्युमर कोर्टात खेचू' म्हणतायत ना, त्यांना चहा पाजा आणि थांबायला सांगा.

समजा क्लेम पास झाला. तेव्हा खुशीत सही करून मोकळ्या होऊ नका, कापाकापी बघा. बिलात मला दिसलं की पप्पा दोन दिवस आयसीयूत होते आणि नंतर दोन दिवस सिंगल रूममध्ये, ८ हजार रोजची. तुमच्या पॉलिसीत रूमची मर्यादा विम्याच्या एक टक्का आहे, म्हणजे ५ हजार. तुम्हाला वाटेल रोजचे वरचे ३ हजार आपल्या खिशातून गेले, विषय संपला. तसं नसतं. ८ पैकी ५, या प्रमाणात बाकीचे खर्चही कापतात, डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर वगैरे. पण काही ठिकाणी अख्ख्या बिलालाच ही कात्री लावून टाकतात, तुमच्या ४ लाख १२ हजारांना लावली तर १ लाख ५४ हजार ५०० गेले! हे चालत नाही. औषधं, स्टेंटसारखी उपकरणं, तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावायची नाही, आयसीयूच्या चार्जेसना लावायची नाही, आणि ज्या हॉस्पिटलात रूम बदलली तरी बाकीचे रेट बदलत नाहीत तिथे तर लावायचीच नाही, हे जून २०२० च्या आयआरडीएआयच्या सर्क्युलरमध्ये आलंय. म्हणून हॉस्पिटलच्या बिलिंगमधून बिलाचं आयटमवार ब्रेकअप घ्या आणि जमलं तर रूमप्रमाणे रेट वेगळे आहेत का ते लेखी घ्या. दोन्ही स्टेंटचे बारकोडचे स्टिकर फाइलीत आहेत का तेही बघा, ते नसले की त्याच एका कारणावर दोन महिने खेळवतात. हातमोजे, मास्क, बेडपॅन असल्या आयटमचे पैसे मात्र मिळणार नाहीत, त्यावर भांडून दम घालवू नका.

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी हीच कात्री अख्ख्या बिलाला लावली होती, आणि मी या धंद्यात नऊ वर्षं काढलेली बाई, मलाही ते तिसऱ्या वाचनात कळलं. ६८ हजार परत आले, पाच महिन्यांनी.

आता भावाचं म्हणणं. त्याचं सगळंच चूक नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. नोव्हेंबरमध्ये तुम्ही योजनेतल्या हॉस्पिटलात गेला असतात आणि तिथल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवलं असतं तर कदाचित एफडी मोडायची वेळ आली नसती. हे टोचून बोलायला सांगत नाहीये, पुढच्या वेळेसाठी सांगतेय, घराजवळची योजनेतली दोन-तीन हॉस्पिटलं आत्ताच शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा. १५५३८८ ला विचारलं तरी सांगतात. पप्पा सत्तरचे झाले की केंद्राचं वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांच्या मोफत उपचारांचं) पण काढा, उत्पन्नाची अट नाही. पण योजनेत ठरलेले उपचार आणि ठरलेली हॉस्पिटलं आहेत, सगळं येत नाही, आणि नेमकं तुम्हाला हव्या त्या ठिकाणी बेड मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून पॉलिसी बंद करू नका. एकदा खंड पडला आणि पुन्हा नवीन घ्यायला गेलात तर दोन स्टेंटवाल्या ६७ वर्षांच्या माणसाला कोण देणार आणि दिली तरी सगळे महिने पुन्हा शून्यापासून. शिवाय लक्षात घ्या, मार्च २०२६ ला प्रीमियम भरला की वरच्या २ लाखांचेही ६० महिने पूर्ण होतात. इतक्या जवळ येऊन कोणी सोडतं का!

क्लेम टाकला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, ती भीती काढून टाका. साठ वर्षांवरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयकडे जावं लागतं, जानेवारी २०२५ पासून. आणि वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तुमची फॅमिली फ्लोटर (म्हणजे घरच्यांची एकत्र पॉलिसी) त्यात येते, तर नोटिशीत जीएसटीची ओळ शून्य आहे ना ते बघूनच पैसे भरा.

तुम्ही विचारलेलं नाही तरी माझी एक जुनी तक्रार इथे बोलून घेते. गेल्या दोन वर्षांत सुधारणा झाल्या त्या सगळ्या फक्त विमा कंपन्यांना वेसण घालणाऱ्या. कॅशलेसला तासाभरात उत्तर द्या, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या, उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरा. चांगलंय, मी नावं ठेवत नाही. पण ४ लाख १२ हजार हा आकडा ठरवला कोणी? हॉस्पिटलने. आणि हॉस्पिटलवर आयआरडीएआयची सत्ता नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने घेतलाच नाही, आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे, त्याच्या २०२१ च्या नियमांत दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा असं आहे, पण किती घ्यायचे त्याला वर मर्यादा नाही. घालता येत नाही असंही नाही हं, स्टेंटच्या किमतीला २०१७ मध्ये मर्यादा घातलीच की, औषध लावलेला स्टेंट २९ हजार ६०० वर आणला होता एका रात्रीत, आणि मे २०२० मध्ये राज्य सरकारने कोविडच्या पेशंटसाठी वॉर्डचे दिवसाला ४ हजार, आयसीयूचे साडेसात हजार, व्हेंटिलेटरचे ९ हजार असे दर बांधून दिले होते. मग साथ गेली आणि दरही गेले. तोवर विमा महाग होत राहणार, कंपनी कापत राहणार आणि मध्ये कराडची एफडी मोडत राहणार. असो, हे माझं रडगाणं.

पप्पांचं सांगते. त्यांना या सगळ्यात एक काम द्या. आयुष्यभर अकाउंट्सला होते ना, मग २०१६ पासूनच्या दहा पावत्या तारखेप्रमाणे लावायला सांगा, पॉलिसी नंबर, रक्कम, भरल्याची तारीख, असा एक तक्ता त्यांच्या हाताने करून घ्या, तो तक्रारीला पहिलं पान म्हणून जोडा. 'माझ्यामुळे झालं' म्हणत बसलेल्या माणसाला आपण एकही मार्च चुकवला नव्हता हे स्वतःच्या अक्षरात दिसू दे. आणि लोकपालांसमोर तेच बोलतील, तुम्ही शेजारी बसा.

ते चहाचा डाग पडलेलं कार्ड मात्र आजच स्कॅन करा, तीन झेरॉक्स काढा, आणि कोणी कितीही गोड बोललं, एजंट घरी येऊन 'द्या काकू मी करून देतो' म्हणाला, तरी ओरिजिनल त्याच्या हातात देऊ नका.